डाव्या सीटवरचा गुरू

हातखंबा तिठ्यावर रस्ता तीन वाटांना फुटतो: एक मुंबईकडे, एक गोव्याकडे, एक रत्नागिरी शहराकडे. कोल्हापूरला निघालेल्यानेही गोव्याच्या दिशेने पालीपर्यंत जायचे आणि मग नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा. गॅसचे टँकर, मासळीच्या गाड्या, गणपतीला येणारे चाकरमानी, सगळे याच तिठ्यावरून जातात. टँकर उलटला आणि महामार्ग बंद पडला, ही बातमी इथल्या माणसाला नवी नाही. नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराजांच्या संस्थानाने महामार्गांवर मोफत रुग्णवाहिका ठेवल्या आहेत. अध्यात्माचा आणि वेगाचा संबंध इथे कोणाला मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

याच रस्त्यावर एक गुरुपरंपरा चालत आली आहे, तिची नोंद मात्र कुठल्या ग्रंथात नाही. ट्रकचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. क्लीनर आधी टायर ठोकून हवा बघायला शिकतो, गाडी मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो, घाटात चाकाखाली दगड लावतो. मग एखाद्या रात्री मोकळ्या सपाट रस्त्यावर ड्रायव्हर गाडी उभी करतो, सरकून डावीकडे बसतो आणि म्हणतो, ‘घे.’ त्यानंतर स्टिअरिंग, क्लच, ब्रेक सगळे शिष्याच्या ताब्यात. गुरूकडे उरतो फक्त तोंडाचा पट्टा.

हौशी मोटार शर्यतीत नवा चालक तयार करण्याची रीत नेमकी हीच आहे, वेग तेवढा दुपटी-तिपटीने जास्त. शिकवणारा शेजारी बसतो, दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलण्याची सोय असते, आणि बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो. शर्यतीची गाडी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची मारुती नव्हे. मग प्रश्न असा: ज्याच्या हातात लगामच नाही, त्याच्यावर जबाबदारी किती? वेग शिकवणारा त्या वेगाच्या फळात वाटेकरी होतो का? फळाची आशा न धरण्याचा गीतेतला श्लोक पुढे करून यातून सुटणे सोपे आहे, पण तो श्लोक करणाऱ्याला सांगितला आहे. दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्याने त्याच्या आड लपणे बरे नव्हे.

शिकवतात काय, ते आधी पाहिले पाहिजे. पहिला धडा डोळ्यांचा असतो. नवशिका बॉनेटच्या पुढचे चार हात बघून चालवतो. त्याला सांगावे लागते की वळणात शिरण्याआधीच नजर वळणाच्या पलीकडे टाक. हात नजरेच्या मागे जातात. गाडी घसरल्यावर जो भिंतीकडे बघत राहतो, तो बहुधा भिंतीवरच जातो. दुसरा धडा ब्रेकचा: जोराचा ब्रेक गाडी सरळ असतानाच मारून घ्यायचा, आत हळू शिरायचे, बाहेर जोरात पडायचे. ॲक्सिलरेटर सर्वांत शेवटी. ज्या एका गोष्टीसाठी पोरगा आलेला असतो, ती त्याला सगळ्यांत उशिरा मिळते. समर्थ रामदासांनी दासबोधात गुरूची पारख करताना म्हटले आहे की जे शिष्याला साधनेला लावत नाहीत, त्याच्या इंद्रियांना आवर घालायला शिकवत नाहीत, असे गुरू एका आडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. पहिल्याच दिवशी ‘दाब रे, दाब’ म्हणणारा प्रशिक्षक या भावातच मोडतो.

कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला रथाचे रूपक सांगितले आहे. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय म्हणजे त्यांचे रस्ते. या रूपकावर शतकानुशतके प्रवचने झाली, आणि बऱ्याच प्रवचनकारांनी घोड्यांना खलनायक करून टाकले. मुळात तसे नाही. घोडे सोडून द्या किंवा तबेल्यात बांधून ठेवा, असे यम म्हणत नाही. रथाला मुक्कामी पोचायचे आहे आणि घोड्यांशिवाय तो पोचणार नाही. वेग हेच पाप, असे या उपनिषदातून काढता येत नाही. विवेक नसलेला सारथी हे संकट, एवढेच निघते. मात्र या रथात एक जागा नाही: शेजारी बसलेल्या माणसाची. नवशिक्या चालकाची बुद्धी अजून घोड्यांना ओळखत नसते, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांसाठी दुसऱ्या कोणाची तरी बुद्धी उसनी घ्यावी लागते. उसन्या बुद्धीने घडलेल्या कर्माचा हिशेब कोणाच्या खाती मांडायचा, ते यमाने सांगितलेले नाही.

हा हिशेब कधीकधी फार महाग पडतो. 15 ऑक्टोबर 2013 रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड रेसवेवर शॉन एडवर्ड्स हा ब्रिटिश चालक एका तरुणाला शिकवण्यासाठी पोर्शमध्ये शेजारी बसला होता. गाडी भिंतीवर आदळून पेटली. एडवर्ड्स जागीच गेला, चालवणारा तरुण गंभीर जखमी झाला पण वाचला. एडवर्ड्स तेव्हा 26 वर्षांचा होता आणि पोर्श सुपरकप या आंतरराष्ट्रीय मालिकेत गुणांमध्ये आघाडीवर होता. त्याचे वडील गाय एडवर्ड्स हे 1976 साली न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीत जळत्या गाडीतून फॉर्म्युला वन चालक निकी लाउडाला बाहेर काढणाऱ्या चालकांपैकी एक. बापाने दुसऱ्याला आगीतून ओढून काढले होते. मुलगा अशा सीटवर गेला, जिथून त्याला काहीच करता येत नव्हते.

अशा अपघातांमुळे शेजारी बसावे की नाही, हाच वाद या खेळात उभा राहिला आहे. काही जण पुढे आपली गाडी ठेवून शिष्याला मागून आणतात, काही रेडिओवरून बोलतात. कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीत, तर हा प्रश्न मुळातच नाही, कारण तिथे दुसरी सीट नसते. आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले की तिथे मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे; राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. मुंबईचे रायोमंड बानाजी स्वतः राष्ट्रीय विजेते, आणि नंतर नव्या पोरांना घडवण्यात त्यांनी आपली उमेद घातली. कार्टिंगचा शिक्षक वळणाच्या बाहेर, कठड्यामागे उभा राहतो. पोरगे पहिल्या फेरीपासून एकटेच असते. फेरी संपल्यावर गाडी थांबते, हेल्मेट निघते आणि मग बोलणे होते. ते बोलणे शर्यतीच्या वेळात मोजत नाहीत, पण खरे शिक्षण तिथेच होते.

सारथ्याच्या नीतीचा विचार महाभारताने जितका केला आहे, तितका क्वचितच दुसरीकडे सापडेल. कर्णाच्या रथावर शल्य बसला तो मनाविरुद्ध, आणि कर्णाचे तेज कमी करीन असा शब्द युधिष्ठिराला आधीच देऊन. हात वाकबगार, घोड्यांचे ज्ञान कृष्णाच्या तोडीचे, पण जीभ शत्रूची. वाटेवर तो कर्णाला टोचत राहिला. असे शल्य प्रत्येक ट्रॅकवर आहेत. स्वतः उत्तम चालवतात, आणि नवख्याच्या प्रत्येक चुकीवर हसतात. त्यांचे कौशल्य पाहून पालक भुलतात, हे त्यातले वाईट.

कृष्णाचे उदाहरण मात्र सत्कार समारंभांत फार सैलपणे वापरले जाते. प्रत्येक प्रशिक्षक व्यासपीठावर ‘आमचे कृष्ण’ होतो. प्रत्यक्षात कुरुक्षेत्रावरची व्यवस्था ट्रॅकच्या बरोबर उलटी होती. तिथे लगाम गुरूच्या हातात होते आणि निर्णय शिष्यावर सोडला होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ट्रॅकवर लगाम शिष्याच्या हातात असतात, म्हणून निदान एक निर्णय तरी गुरूकडे राहिलाच पाहिजे: आता बास, गाडी आत घे. तो निर्णयही ज्याने सोडून दिला, त्याच्याजवळ काहीच उरत नाही. तो मग नुसता प्रवासी.

हा निर्णय घेणारा सारथी महाभारतात आहे, फक्त त्याच्यावर कीर्तने होत नाहीत. शाल्वाशी लढताना कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न बेशुद्ध पडला, तेव्हा त्याच्या सारथ्याने, दारुकाच्या मुलाने, रथ रणातून बाहेर काढला. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर भडकला: मला पळपुटा ठरवलेस. सारथ्याने शांतपणे सांगितले की रथी बेशुद्ध झाला तर त्याचे रक्षण करणे हा सारथ्याचा धर्म आहे. शर्यतीत शिष्य बेशुद्ध पडत नाही, पण एखाद्या प्रतिस्पर्ध्याने मागे टाकले की डोळ्यांवर रक्त चढते आणि विवेक सुटतो. फरक फारसा नसतो. अशा वेळी त्याला बाहेर बोलावणारा शिक्षक त्या दिवशी शिव्याच खातो, आणि त्या त्याने खाव्यात.

तरीही शिकवण्याची गोष्ट म्हणून विराटपर्वातल्या उत्तराची कथा वरची आहे. राजवाड्यात बढाया मारून निघालेला हा राजपुत्र कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळाला. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन लुगडे फडफडवत त्याच्यामागे धावला, सैनिक हसले, आणि शंभर पावलांच्या आत त्याने पोराला केसांना धरून पकडले. मग धीर दिला. लढायची सक्ती केली नाही, जागा बदलली: लढेन मी, घोडे तू हाक. भ्यालेल्याला घरी पाठवले नाही की एकट्याला पुढे लोटले नाही. त्याला जमेल तेवढेच त्याच्या हाती दिले. विजय झाल्यावर ‘तूच जिंकलास असे सांग’ असेही अर्जुनाने सुचवले. उत्तराने तसे सांगितले नाही. त्याने बापाला सांगितले की हे काम एका देवपुत्राने केले. वाढलेला शिष्य तो हाच.

पुण्याच्या डायना पुंडोल यांची वाटचाल अशीच पायरीपायरीने झालेली दिसते. व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांची आई असलेल्या या बाई महिलांसाठीच्या निवड-प्रशिक्षणातून या खेळात आल्या, आणि 2024 साली चेन्नईजवळच्या सर्किटवर पुरुषांबरोबर धावून सलून मोटारींच्या गटात राष्ट्रीय विजेत्या झाल्या. भारतीय महिलेने असे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण उत्तराची कथा त्या विजयावर संपत नाही. कुरुक्षेत्रावरच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी तो हत्तीवर बसून लढायला गेला आणि शल्याच्या हातून मारला गेला. अर्जुनासारखा शिक्षक लाभूनही. म्हणजे निकालावरून गुरूचा वाटा ठरवता येत नाही: शिष्य जिंकला म्हणून गुरू पुण्यवान नाही, शिष्य पडला म्हणून पापी नाही. वाटा ठरतो तो आधीच, दोन गोष्टींवरून: वेगाआधी त्याने आवर शिकवला का, आणि थांबवण्याची वेळ आली तेव्हा त्याने थांबवले का.

तेव्हा रत्नागिरीतल्या ज्या आईबापांच्या पोराने शर्यतीचा हट्ट धरला आहे, त्यांनी त्याला महामार्गावर सोडू नये आणि घरात कोंडूही नये. कोल्हापूर तीन-साडेतीन तासांवर आहे. तिथे किंवा आणखी कुठे, पोराला ज्याच्या हवाली कराल त्याला त्याने जिंकलेले चषक विचारू नका. चांगली गाडी चालवणाऱ्या पोराला मध्येच बाहेर बोलावून घरी कधी पाठवले होते, ते विचारा, आणि उत्तर आले नाही तर दुसरा शिक्षक बघा.