वाकणे आणि मोडणे

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वचन आपल्याकडे मानी पुरुषाचे ब्रीद म्हणून गौरविले जाते. वाकणे म्हणजे अर्धा पराभवच, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीत कितपत खरे, याचा विचार करू लागले असता पेशीविज्ञानातील एक शोध फार उद्बोधक वाटतो.

पुष्कळशा पेशी सरकतात त्या आवरणाच्या आत उभारलेल्या तंतूंच्या जाळ्याच्या बळावर. हे तंतू ॲक्टिन नामक प्रथिनाचे असतात. हंगेरीत ब्रूनो श्ट्राउब यांनी १९४२ साली हे प्रथिन स्नायूंत शोधून काढले. तंतूची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी. जुन्या तंतूच्या अंगावर आर्प २-३ हा प्रथिनसमूह बसतो आणि तेथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी शाखा फुटते. वाढणारे तंतू आवरणास पुढे रेटतात, आवरण त्यांस उलट दाबते, आणि त्या दाबाने ते वाकतात. बर्कले येथील संशोधकांनी २०१२ साली दाखविले की, वाकलेल्या तंतूच्या फुगीर अंगास शाखा अधिक फुटतात, खोलगट अंगास कमी. अर्थात ते फुगीर अंग भाराकडे असेल, तर नवी शाखाही भाराकडेच झेपावते. २०१६ सालच्या प्रयोगांत तर भाराखाली वाढलेले जाळे अधिक दाट व बळकट झालेले आढळले.

तंतूला इच्छा नाही, मान-अपमान नाही. म्हणून त्याच्या वर्तनावरून माणसासाठी आज्ञा काढणे तर्काला धरून होणार नाही. ‘असे घडते’ एवढेच निसर्ग सांगतो. ‘असे वागावे’ हे त्याच्या मुखातून येत नाही. परंतु वाकणे आणि शरण जाणे एकच, ही आपली समजूत या उदाहरणाने ढळते. भाराखाली वाकावे आणि त्या वाकण्यातूनच भाराच्या दिशेने वाढावे, असाही एक मार्ग संभवतो.

आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई परंपरेनुसार नामदेवांच्या घरची दासी. दळणकांडण आणि झाडलोट यांच्या भाराखाली तिचे आयुष्य वाकलेले होते. तिच्या अभंगांनी त्या कष्टांकडे पाठ फिरविली नाही. ते जात्यापाशी जाऊन बसले आणि देवालाही त्यांनी तेथेच बोलावले. हिला पराभूत कोण म्हणेल?

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. भाराने बळ येते हे ऐकून सर्वांत आधी आनंदतो तो भार लादणारा. दुसऱ्याच्या सोशिकपणाची स्तुती करून त्याच्या पाठीवर आणखी ओझे ठेवण्याची युक्ती समाजाला जुनीच अवगत आहे. फांदी वाकविली की पेरूला फुटवे येतात, हे माळ्यास ठाऊक असते. परंतु माणूस माणसाचा माळी नव्हे. शिवाय मर्यादेपलीकडे वाकलेला तंतूही तुटतोच. जनाबाईंसारख्याच किती दासी त्याच जात्यापाशी निःशब्द मोडून गेल्या असतील, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

म्हणून वाकण्याची थोरवी सांगण्याचा अधिकार, माझ्या मते, जो स्वतः वाकला आहे त्यालाच पोहोचतो. इतरांचे कर्तव्य त्याहून साधे आहे: त्याच्या पाठीवरचे ओझे किती आहे ते पाहावे आणि जमेल तेवढे उतरवून घ्यावे.