शिंपल्यातली चांदी आणि जुन्या घाटाची रायफल

कोल्ट कंपनीने एआर-१५ ही रायफल १९६४ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठी अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत १८९ डॉलर ५० सेंट होती. व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या हाती असलेल्या एम-१६ चीच ही बहीण. मुख्य फरक एवढाच की चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटायची. अर्धशतकानंतर त्याच कंपनीने व्हिएतनामच्या काळातल्या एम-१६ए१ ची हुबेहूब नवी आवृत्ती काढली आणि तिला २,४९९ डॉलर किंमत लावली. याच कुळातली, दुर्बीण सहज बसेल अशी आजची साधी रायफल तिथे सहा-सातशे डॉलरला मिळते. म्हणजे गिऱ्हाईक कमी सोयीच्या वस्तूसाठी तिपटीहून अधिक मोजते, आणि समाधानाने मोजते. हे वरचे पैसे कशाचे, हा प्रश्न बाजाराचा वाटतो. मला तो स्मृतीचा आणि भ्रमाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाटतो.

अर्थशास्त्राचे सरळ उत्तर आहे टंचाई. अस्सल एम-१६ च्या बाबतीत ते बरोबरही आहे. मे १९८६ च्या कायद्याने नवी स्वयंचलित शस्त्रे नागरिकांच्या हाती जाणे बंद झाले. त्याआधी नोंदलेली जेवढी होती तेवढीच आता फिरतात, आणि एकेकीची किंमत हजारो डॉलरांत जाते. पण नव्याने घडवलेल्या आवृत्तीला ही टंचाई नाही; मागणी असेल तेवढ्या घडवता येतात. थोड्या संख्येत जुन्या घाटाचे भाग ओतायचे तर खर्च वाढतो, हे मान्य. तरीही ब्राउनेल्स या कंपनीने २०१८ च्या आसपास तशाच जुन्या वळणाच्या रायफली तेराशे डॉलरच्या आगेमागे विकायला काढल्या, त्यावरून त्या खर्चाचा अंदाज येतो. कोल्टच्या किमतीतले त्यावरचे बाराशे डॉलर बव्हंशी बाजूला कोरलेल्या उधळत्या घोड्याचे आहेत. संग्राहक एक हळहळही बोलून दाखवतात: पूर्वी सगळे किती स्वस्त होते. महागाईचा हिशेब घातला तर १९६४ चे ते १८९ डॉलर आजचे सुमारे एकोणीसशे होतात, म्हणजे ती रायफल स्वस्त नव्हतीच. युद्धातून उरलेली जुनी शस्त्रे मात्र खरोखरच मातीमोल भावाने टपालाने घरपोच मिळत. केनेडींची हत्या ज्या इटालियन रायफलीने झाली ती १९६३ च्या मार्चमध्ये अशीच १९ डॉलर ९५ सेंटला मागवलेली होती, आणि टपालाने बंदुका विकण्याची ती सोय १९६८ च्या कायद्याने बंद झाली. स्वस्ताईची आठवण राहते आणि ती का संपली ते विसरले जाते. माझा मुद्दा याच निवडीचा आहे.

भ्रम कसा घडतो याची प्राभाकर मीमांसकांनी मांडलेली उपपत्ती इथे फार उपयोगी पडते. सातव्या शतकाच्या सुमाराचा प्रभाकर म्हणतो की खोटे ज्ञान असे काही नसतेच. वाटेत चकाकणारा शिंपला पाहून माणूस ‘ही चांदी’ म्हणतो तेव्हा दोन ज्ञाने घडलेली असतात. समोर काहीतरी चकाकते आहे हे प्रत्यक्ष. आणि चांदी ही आठवण. दोन्ही आपापल्या जागी खरी. फक्त दुसरे ज्ञान ही आठवण आहे याची जाणीव गळून पडते, दोहोंतला भेद ध्यानात येत नाही, आणि माणूस उचलायला वाकतो. नैयायिकांना हे पटले नाही. भेद न कळल्याने कोणी वाकत नाही, शिंपल्यातच चांदी दिसावी लागते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद इथे मिटवायचे कारण नाही. पण नव्या-जुन्या रायफलीच्या प्रकरणात प्रभाकराचे वर्णन अक्षरशः लागू पडते. हातातली वस्तू प्रत्यक्ष आहे, कालपरवा कारखान्यातून निघालेली. ‘व्हिएतनामची रायफल’ ही आठवण आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तीही उसनी. अमेरिकी फौजा १९७३ मध्ये परतल्या. तिथे लढलेल्यांतले सर्वांत तरुणही आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. बाकीच्यांनी ते युद्ध ‘प्लॅटून’ किंवा ‘फुल मेटल जॅकेट’च्या पडद्यावर आणि छायाचित्रांत पाहिले. त्यांचा अनुभव चित्रांचा आहे; स्मृती मात्र त्यांना युद्धाची वाटते.

या न जाणवलेल्या भेदाचा पुरावा रायफलीच्या अंगावरच सापडतो. पहिल्या एम-१६ रायफलींच्या नळीच्या तोंडाशी तीन उघड्या दातांचा फ्लॅश हायडर, म्हणजे गोळीचा झगझगाट लपवणारा तुकडा, होता. जंगलातल्या वेली आणि काटक्या त्यात अडकत, म्हणून सैन्याने तो बदलून टोक बंद केले. आज तेच तीन दात हवेत म्हणून गिऱ्हाईक खास आवृत्ती शोधते. अगदी आरंभीच्या तुकडीचे दस्ते हिरवे होते, म्हणून हिरव्या दस्त्याची प्रतही निघाली. दिसणारा प्रत्येक दोष असा जपला जातो. आता न दिसणाऱ्या दोषाकडे वळू. लष्कराने काडतुसातली दारू बदलली. नव्या दारूने काजळी जास्त धरे आणि यंत्रणा ठरलेल्यापेक्षा वेगाने धावे. दमट हवेत गंजू नये म्हणून चेंबरला क्रोमचा मुलामा हवा होता, तो दिलेला नव्हता. या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला, आणि सफाईची साधने पुरेशी पोचलेली नव्हती. परिणामी झाडलेल्या काडतुसाचे कवच चेंबरमध्येच अडकून बसे आणि सैनिकाच्या हाती नुसती काठी उरे. १९६७ साली मरीन सैनिकांची घरी आलेली पत्रे अमेरिकी संसदेपर्यंत गेली. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली उघडलेल्या स्थितीत सापडल्या, असे त्यांत लिहिलेले होते. त्याच वर्षी खासदार इकॉर्ड यांच्या उपसमितीने लष्कराच्या या कारभाराला जवळजवळ गुन्हेगारी हलगर्जीपणा ठरवले. त्यानंतर क्रोमचा मुलामा आला, सफाईची साधने आली, आणि रायफल कशी राखावी हे सांगणारी, चित्रकथाकार विल आयस्नर यांच्या चित्रांची पुस्तिकाही आली. आजच्या पुनर्निर्मितींच्या नळीला क्रोम सर्रास असतो. वेली अडकवणारा दोष हौसेने परत आणला गेला. माणसे मारणारा दोष कोणी परत मागितला नाही. निर्मात्याने तो आणू नये, हे उघडच आहे. पण तो वगळून उरलेल्या वस्तूला हुबेहूब म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही, हे मला लक्षणीय वाटते. व्हिएतनामची खरी आठवण त्या अडकलेल्या कवचात होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इथे भ्रम कसला? बिलावर तारीख असते, गिऱ्हाईक फसलेले नाही. याला प्रभाकराचेच उत्तर पुरेसे आहे: भ्रमासाठी खोटी समजूत लागत नाही. दोन्ही खऱ्या गोष्टी एकत्र वावरतात आणि भेद बाजूला पडतो, इतकेच होते. काही पुनर्निर्मितींवर ‘अमेरिकी सरकारची मालमत्ता’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ती रायफल सरकारची कधीच नव्हती, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही. चापाच्या वरच्या खटक्याशेजारी ‘ऑटो’ असे लिहिलेले असते. खटका तिथवर जात नाही. अशा कोरीव अक्षरांना बाजारात मोल आहे. शिंपल्याच्या दाखल्यात एक दिलासा तरी होता, माणूस वाकून उचलतो आणि हातात चांदी नाही हे कळते. व्यवहार फसला की भ्रम फिटतो. पुनर्निर्मित रायफलीचा व्यवहार फसण्याची वेळच येत नाही. नेमबाजीच्या मैदानावर ती नीट चालते, प्रत्येक गोळीसरशी ‘हीच ती’ ही भावना पक्की होते, आणि जिथे तिचा कस लागला असता त्या चिखलात ती कधी जाणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: अस्सल म्हणजे तरी काय? मिलिंद राजाशी बोलताना बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारले होते की रथ म्हणजे चाक, आस की जू. आणि यांतले एकही रथ नाही, या सर्वांच्या जुळणीला लोक रथ म्हणतात, हे उत्तर त्याने राजाच्याच तोंडून काढून घेतले. अमेरिकी कायद्याने या प्रश्नाचा निकाल विलक्षण पद्धतीने लावला आहे. ज्या रिसीव्हरवर, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्यावर, क्रमांक असतो तोच तुकडा कायद्याने बंदूक. नळी, दस्ता, बाकी सारे नुसते सुटे भाग. म्हणून युद्धातल्या रायफलीचा रिसीव्हर कापून नष्ट करतात आणि उरलेले अस्सल भाग नव्या रिसीव्हरवर चढवून संग्राहक तिला पुन्हा उभी करतात. ती जुनी की नवी? नागसेनाच्या न्यायाने, लोक म्हणतील ती. पण मग असे म्हणताना लोकांनी जुन्या-नव्यातला भेद तरी जागा राखला पाहिजे. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात वाघनखे आली, तेव्हा महाराष्ट्रातला सारा वाद ‘हीच ती का?’ यावर होता. तशी खात्री देता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले होते. तो वाद कितीही कटू झाला तरी भेद त्याने जागा ठेवला. पुनर्निर्मितीच्या बाजारात ‘हीच ती का?’ असे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना माहीत आहे, आणि माहीत असल्यामुळेच ते मनातून उतरते.

मग बुलेट आणि जावाच्या नव्या-जुन्या मोटारसायकली घेणाऱ्यांनाही हाच दोष द्यायचा का? त्यांच्यातही उसनी आठवण असते, पण तिथे वगळले जाते ते बहुधा तेलगळती आणि किक मारून दुखावलेला पाय. शस्त्राचा घाट दुसऱ्या माणसाच्या देहाला धरून ठरलेला असतो, म्हणून तिथे वगळण्याचे वजन वेगळे. प्रत्यक्ष लढून आलेल्याचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. तशीच रायफल भिंतीवर टांगावी असे एखाद्या म्हाताऱ्याला वाटले तर त्याची स्मृती त्याची स्वतःची आहे, भेदही त्याला ठाऊक आहे. वडिलांच्या हाती जी होती तिचा स्पर्श हवा असणाऱ्या मुलाबद्दलही मला आदरच आहे. पितृऋण मानणाऱ्या समाजाला ती ओढ परकी नाही. पण ऋण फेडायचे तर वडिलांनी काय सोसले आणि काय केले, दोन्ही पदरात घ्यावे लागते. एकेकाळी ही ओढ उलट दिशेने वाहत होती. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्याने घरची ओढ हा रोग म्हणून नोंदवला, आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी त्याचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदवले. ते सैनिक रणातून घरासाठी झुरत होते. आता घरात बसून रणासाठी झुरणे आहे, आणि त्याला किमतीची पाटी आहे.

अशी रायफल घेऊच नये, असे मी म्हणत नाही. पण जी स्मृती एवढ्या किमतीला विकली जाते ती पुरी मागण्याचा हक्क आहे. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी नावे कोरलेली आहेत. व्हिएतनामी मृतांची गणना लाखांत होते. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावात बायका, म्हातारे आणि पोरे मारली गेली ती याच एम-१६ धरलेल्या हातांनी. हो ची मिन्ह शहरातल्या युद्धावशेष संग्रहालयात अमेरिकी शस्त्रे आणि त्या मृतांची छायाचित्रे एकाच छपराखाली आहेत. तिथे येणाऱ्याला घाट आणि घाव वेगळे करता येत नाहीत. १९६७ च्या त्या उपसमितीचा अहवाल आणि माय लायची छायाचित्रे पुनर्निर्मितीच्या खोक्यात घालायला कंपनीला फारसा खर्च येणार नाही. एका कोरलेल्या अक्षराच्या अचूकतेसाठी भांडणाऱ्या गिऱ्हाइकाने ही अचूकता अजून मागितलेली नाही.