निर्वाण म्हणजे फना नव्हे

कादंबरी वाचताना एखादा शब्द अडला तर काय करावे? थांबावे की पुढे जावे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले तिघे शिक्षक एका उन्हाळी सुट्टीत कुर्रतुल ऐन हैदर यांची 'आग का दरिया' वाचायला बसलो आणि हा प्रश्न भाषेपुरता उरला नाही.

१९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मौर्यकाळाच्या उंबरठ्यावर सुरू होते आणि फाळणीनंतरच्या वर्षांपर्यंत येते. गौतम, चंपा, हरिशंकर, कमाल ही नावे वेगवेगळ्या युगांत पुन्हा पुन्हा भेटतात. आम्ही उर्दूतून शिकलेले, बी.एड. झालेले, रोज फळ्यावर उर्दू लिहिणारे. उर्दू कादंबरी आपल्याला काय जड जाणार, असा आमचा तोरा होता. पहिल्या काही पानांतच तो उतरला.

उर्दू लिपीत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. शब्द ओळखीचा असेल तर ऱ्हस्व स्वर डोळा आपोआप भरून घेतो. अनोळखी संस्कृत शब्द आला की अर्थ राहू द्या, उच्चारच सापडत नाही. 'श्रावस्ती'चे आमच्यातल्या एकाने 'शरावस्ती' केले. 'विहार'चे 'वहार' झाले. बुद्ध विहाराची मराठी पाटी आम्ही येता-जाता वाचतो, पण तोच शब्द उर्दू अक्षरांत समोर आला तर ओळखता आला नाही! लहानपणी मदरशात नाजरा शिकलो तेव्हा मखरज अचूक असायचा, अर्थ पुढे कधीतरी कळणार होता. इथे सगळे उलटे. अर्थाचा अंदाज येत होता, तोंडाला शब्द येत नव्हता.

प्रत्येक शब्दाला लुगत उघडली तर कादंबरी मरते, हे आमचे मत आजही आहे. न कळणे हा गुन्हा नाही. खरी अडचण दुसरीकडेच निघाली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पुस्तक शिक्षकांच्या टेबलावर असायचे. नववीतल्या एका मुलीने ते चाळले आणि विचारले, "सर, निर्वाण म्हणजे काय?" आमच्यातल्या एकाने लगेच सांगितले, "फना समज, बेटी." बाकीच्या दोघांनी मान डोलावली. तिने वहीत लिहून घेतले. तिचे समाधान झाले, आमचेही झाले.

नंतर ते समाधानच टोचू लागले. सूफींच्या फनामध्ये बंदा आपले मीपण अल्लाहच्या ठायी हरवतो आणि त्यापुढे बका आहे. निर्वाणाचा मूळ अर्थ विझणे. तृष्णा विझते, आणि त्यासाठी बौद्ध विचाराला निर्मात्याची गरज भासत नाही. दोन्ही शब्दांत 'मी' मावळतो एवढ्या साम्यावर आम्ही एकाच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा चढवला. दुसऱ्याची गोष्ट आपल्या नावाने हाक मारून आपलीशी करणे, याला समजून घेणे म्हणायचे का? एका चौदा वर्षांच्या मुलीला आम्ही अर्थ दिला की तिची उत्सुकता काढून घेतली?

शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत एक बौद्ध गुरुजी आहेत. संकोच बाजूला ठेवून आम्ही त्यांच्याकडे पुस्तक घेऊन गेलो. आम्ही वाचायचे, त्यांनी उच्चार सांगायचा. श्रावस्ती म्हणताच ते खुलले. जेतवन, अनाथपिंडिक, बुद्धांचे तिथले वर्षावास, सगळे त्यांनी घरातल्या गोष्टीसारखे सांगितले. आमच्यासाठी जो डोंगर होता, तो त्यांच्या अंगणातला ओटा होता. मग आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने लखनौच्या मुहर्रमकडे वळलो. मर्सिया आम्ही समजावला. "आणि सोज?" गुरुजींनी विचारले.

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. आम्ही कोकणातले सुन्नी. मजलिसमध्ये मर्सियाच्या आधी, वाद्याविना, सुरात गायला जाणारा शोक म्हणजे सोज, हे पुस्तकातून ठाऊक होते. कानांनी तो कधी ऐकलेला नव्हता. जो शब्द आमचा म्हणून सांगायला निघालो होतो, तोही आम्हाला उसनाच होता. या वेळी मात्र आम्ही तसे सांगून टाकले. गुरुजी हसले, म्हणाले, "मग लखनौचा कोणीतरी शोधायला हवा."

जाता जाता एक गोष्ट. हैदर यांनी स्वतःच ही कादंबरी इंग्रजीत आणली. १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात त्यांनी बरेच गाळले, बरेच बदलले. वाचक बदलला की लिहिणारीलाही पुन्हा हिशेब मांडावा लागतो, असे आम्हाला त्यावरून वाटते. पण स्वतःच्या पुस्तकावर लेखिकेचा जो हक्क असतो, तो वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचा नसतो.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या मुलीला बोलावून सांगितले, "आम्ही चुकीचे सांगितले. फना खोडून टाक."

"मग काय लिहू?"

गुरुजींनी सांगितलेले आम्ही जमेल तसे तिच्यापुढे मांडले. तिने ऐकून घेतले आणि थोडा वेळ विचार केला. फना तिने खोडले नाही. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या.