एकट्याचा स्वयंपाक

‘स्वयंपाक’ या मराठी शब्दात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. लखनौचा माणूस ‘रसोई’ म्हणतो किंवा ‘खाना पकाना’ म्हणतो. मराठी घरात दहा माणसांसाठी अन्न शिजत असले तरी त्याला ‘स्वयंपाक’च म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे एवढाच आहे. घरात हा अर्थ विसरला जातो आणि घर सुटले की पुन्हा जागा होतो. लखनौला शिकायला आलेला मराठी विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत विजेच्या शेगडीवर मूठभर तांदूळ आणि मूठभर मुगाची डाळ चढवतो, तेव्हा तो शब्दशः स्वयंपाक करीत असतो. रांधणारा एक, जेवणारा एक आणि पातेलेही एकच. या अन्नाची नैतिक प्रत कोणती, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

परंपरेने या बाबतीत कठोर निवाडा दिलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानाची महती सांगणारे सूक्त एकट्याने खाणाऱ्याला पापाचाही एकटाच धनी ठरवते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच खातो, असा आशय आहे. परंतु हा निवाडा ज्याच्यापुढे चूल, धान्याची कोठी आणि दाराशी येणारा अतिथी आहे, अशा गृहस्थाला उद्देशून आहे. विद्यार्थ्याकडून तर रांधण्याची अपेक्षाच नव्हती. त्याने भिक्षा मागावी, असा संकेत होता. महाराष्ट्रात माधुकरी मागून किंवा वार लावून जेवलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. त्या व्यवस्थेत समाजाचे औदार्य होते, तसाच जातीचा हिशेबही होता. कोणत्या मुलाला कोणत्या घरी ताट मिळेल, हे बहुधा त्याच्या जन्मावरून ठरे.

खोलीत स्वतःपुरते शिजवणारा विद्यार्थी हा गृहस्थही नाही आणि भिक्षेकरीही नाही. म्हणून जुने मापदंड त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण त्याच्या कृतीलाही एक पूर्वेतिहास आहे आणि तो दुहेरी आहे. परक्याच्या हातचे न खाता सोवळ्याने स्वतः रांधून जेवणारा तो ‘स्वयंपाकी’, असाही एक अर्थ रूढ होता. तेथे स्वावलंबन हे कुंपणाचे दुसरे नाव होते. याउलट १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधीजींनी खर्च आवरण्यासाठी खोलीत स्टोव्ह आणला आणि सकाळी ओटची लापशी, संध्याकाळी कोको व पाव यांवर भागवले. १९२० नंतर त्याच शहरात ग्रंथालयातून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर रात्रीच्या भुकेला पापड भाजून खात, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. या दोघांच्या एकट्याच्या जेवणाला स्वार्थ म्हणण्यास कोणी धजावणार नाही. त्यांनी अन्न आखडते घेतले ते विद्येचा अवधी वाढवण्यासाठी. तेव्हा कोणी कोणासाठी शिजवले, एवढ्यावरून निर्णय होत नाही. त्या चुलीपासून कोणाला दूर ठेवले जाते, हे पाहावे लागते.

लखनौ हे या विचाराला अनुकूल शहर आहे. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला याने बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्या वेळी मजुरांसाठी मोठमोठ्या देगांची तोंडे कणकेने बंद करून अन्न शिजवले जाई आणि त्यातून ‘दम’ची पद्धत नावारूपाला आली, अशी आख्यायिका येथे सांगतात. ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’च्या दिवशी आजही रस्तोरस्ती पुरी-भाजीचे भंडारे लागतात आणि येणाऱ्याला जात-धर्म विचारला जात नाही. मराठी माणसाचेही या शहराशी अन्नाचे नाते आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय स्थापन झाले. १९२८ पासून त्याची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी सांभाळली. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे बालपणीच लखनौला आले आणि रातंजनकरांच्या घरीच राहून शिकले. बंदिशीबरोबर भातही गुरूच्या घरचा होता. अशा घराची सावली नसलेल्या विद्यार्थ्याला खोलीतली शेगडी हाच आधार.

मात्र बहुतेक वसतिगृहांत या शेगडीला मनाई असते. तो नियम केवळ अधिकाऱ्यांचा जाच नव्हे. दिवे-पंख्यांसाठी बसवलेली साधी खोबण ५ किंवा ६ अँपिअर भार सोसते. २३० व्होल्टला तो सुमारे ११५० ते १३८० वॉट होतो. त्यावर २००० वॉटची शेगडी लावली की प्रवाह ९ अँपिअरच्या जवळ जातो आणि भिंतीआडची तार तापू लागते. तार एका खोलीपुरती नसते. एकट्याच्या खिचडीचा धोका अशा रीतीने सबंध मजल्यावर वाटला जातो आणि ज्यांच्यावर तो येतो, त्यांना घासभरही मिळत नाही. एकट्याने खाण्याला जुन्या सूक्ताने दिलेला दोष येथे अनपेक्षित रूपाने खरा ठरतो.

तरीही भूक खोटी ठरत नाही. खाणावळ बंद असते, मनिऑर्डर लांबते, आजारात मऊ भात हवा असतो. जी संस्था शेगडी काढून घेते, तिच्यावर पर्याय देण्याचे दायित्व येते. प्रत्येक मजल्यावर योग्य जाडीच्या तारा घातलेली एक सामाईक पाकखोली असली, तर पुष्कळशी चोरी आपोआप संपेल. ते घडेपर्यंत विद्यार्थ्यालाही थोडी युक्ती वापरता येते. कमी वॉटच्या किटलीत उकळलेले पाणी, धुऊन भिजवलेले तांदूळ-डाळ, घट्ट झाकण आणि भोवती रजई, एवढ्यावर आतल्या उष्णतेनेच खिचडी शिजत राहते. दमचे तत्त्व याहून फार निराळे नाही. उष्णता वाढवण्यापेक्षा ती निसटू न देणे महत्त्वाचे.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा कृतीने दिले होते. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुले कामे स्वतः करीत आणि एका पंक्तीत जेवत. लक्ष्मीबाई पाटलांनी त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले. तेथे स्वावलंबन होते, पण कुंपण नव्हते.

लखनौच्या खोलीत ही कसोटी फार साध्या रूपाने येते. दार बंद असले तरी हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास बाहेर जातोच. शेजारच्या खोलीतला गोरखपूरचा मुलगा ताटली घेऊन उभा राहतो. पातेले एकाचे आहे. त्याला दिले तर स्वतःचे पोट अर्धे राहणार. भरलेल्या देगेतून हजारांना वाढण्यात पुण्य असेल, पण वाढणाऱ्याचा घास त्यात कमी होत नाही. येथे मात्र प्रत्येक डाव मोजून द्यावा लागतो. विद्यार्थी क्षणभर पातेल्याकडे पाहतो, खिचडीत थोडे गरम पाणी ओतून ती सैल करतो आणि दोन भाग करतो. स्वयंपाकातला ‘स्वयं’ तेवढ्याने पुसला जात नाही. रांधले त्यानेच असते आणि दिलेलेही त्यानेच असते.