‘त्याची शाळा बुडेल’



मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले, ते आपणा सर्वांना आठवत असेल. गुरुजींनी वर्गाचे व्हॉट्सॲप गट केले. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. प्रयत्न प्रामाणिक होते. कित्येक शिक्षक तर घरोघर फिरले. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. धडा पाठवला म्हणजे कर्तव्य झाले का?

आपल्या बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. मूल गावी ठेवायचे तर आजी-आजोबा हवेत, नाहीतर हंगामी वसतिगृह. शिवाय सांगायला कारण हवे: ‘त्याची शाळा बुडेल.’

गरिबाच्या घरात या वाक्याला फार वजन असते. घरच्यांपुढे, मुकादमापुढे, स्वतःच्या निकडीपुढेही आई ते ठेवू शकत होती. शाळा मोबाईलमध्ये गेली आणि तिचे हे वाक्यच गेले. शिक्षण कुठूनही घेता येते, मग पोरीला मागे कशाला ठेवायचे? मोबाईल मात्र बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर फडात. बारा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे बांधते. शाळेच्या चार भिंतींत निदान पाच तास तिला कोणी काम सांगू शकत नव्हते.

सर्वांना सारखे दिले की न्याय झाला, असे आपण धरून चालतो. एकच धडा एकाच दिवशी सर्वांना गेला. पुरला तो ज्याच्या घरी वेगळी खोली आणि शिकलेली आई होती त्याला. (आपणही त्या दिवसांत मिस्सा मोबाईलवर पाहिली. चर्चमध्ये पुन्हा शेजारी शेजारी बसलो, तेव्हा काय उणे होते ते कळले.)

आजाराची भीती खरी होती; तिला कमी लेखू नये. पण ज्या चार-सहा मुलांना शाळा सोडून दुसरा आडोसा नव्हता, त्यांच्यापुरते तरी दार किलकिले ठेवता आले नसते का? पुन्हा कधी शाळा दूर न्यावी लागली, तर ‘धडा मिळाला का?’ याच्या आधी ‘मूल कुठे आहे?’ हे विचारावे, असे मला वाटते.

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी भरले. गळीत हंगाम ऑक्टोबरमध्येच सुरू झाला होता. आपल्याकडच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या.