समाजकार्याची सनद कोणासाठी?

अपघातात जखमी झालेल्या तरुणाला डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केले आहे. त्याचे हृदय यंत्राच्या आधाराने चालू आहे आणि बाहेर बाकावर त्याचे आईवडील बसले आहेत. त्यांच्याशी अवयवदानाबद्दल कोणी बोलायचे? प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदाने बोलणे योग्य नाही, कारण त्याच्या दुसऱ्या रुग्णाचे हित त्यात गुंतलेले असते. यासाठी आपल्या कायद्याने वेगळी व्यक्ती नेमली आहे. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपणासाठी नोंदणी करणाऱ्या रुग्णालयाला प्रत्यारोपण समन्वयक नेमावाच लागतो. 2014 च्या नियमांनी त्याची पात्रताही सांगितली. तो वैद्यकीय पदवीधर किंवा परिचारिका असू शकतो, किंवा कोणत्याही विषयाचा पदवीधर, शक्यतो समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ही जबाबदारी सांभाळणाऱ्यांत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेतलेल्या अनेक मुली आणि मुलगे आहेत.

एमएसडब्ल्यूच्या त्याच वर्गातली दुसरी विद्यार्थिनी दत्तक संस्थेत लागते. मूल मागणाऱ्या जोडप्याच्या घरी जाऊन ती होम स्टडी, म्हणजे त्या घराचा पाहणी अहवाल, लिहिते आणि त्या अहवालावर एका बाळाचे घर ठरते. तिसरी पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात बसते आणि मार खाऊन आलेल्या बाईला विचारते, आज रात्री घरी परत जाणे तुम्हाला सुरक्षित वाटते का? चौथा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जातो. चौघांचा अभ्यासक्रम एकच, पदवी एकच. पण यांपैकी कोणाला काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागते, कोणाच्या चुकीची चौकशी कोण करते, याची उत्तरे चार वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत आणि काही ठिकाणी उत्तरच नाही.

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षातली मुले विचारतात, पदवीनंतर कोणते प्रमाणपत्र घेऊ? प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिली पिढी असते आणि फीचा प्रत्येक रुपया मोजून दिलेला असतो. पण या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: प्रमाणपत्र किंवा परवाना असतो कोणासाठी? घेणाऱ्याच्या नोकरीसाठी, की त्याच्यासमोर बसलेल्या माणसाच्या रक्षणासाठी?

या व्यवसायाचे भारतातले औपचारिक शिक्षण मुंबईतच सुरू झाले. 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने पदव्युत्तर शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 49 व्या कलमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सुमारे वर्षभरातच हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे हे कायद्याने ओळखले होते. पुढे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरचे मातृसेवा संघाचे महाविद्यालय अशी साखळी वाढत गेली आणि आज विदर्भ-मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही समाजकार्य महाविद्यालय सापडते. महाविद्यालये वाढली, पण व्यवसायाची परिषद काही झाली नाही. डॉक्टरांना राज्याची वैद्यक परिषद आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे. समाजकार्यासाठी राष्ट्रीय परिषदेचे मसुदे 1990 च्या दशकापासून फिरत आहेत.

मधल्या काळात वेगवेगळ्या कायद्यांनी आपापल्या गरजेपुरते तुकडे जोडले. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली पुनर्वसन क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी होते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे, देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह पूर्ण वेळ एम.फिल. अशा व्यक्तींची नोंदवही ठेवण्याचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे दिले. हा तुकडा सर्वांत नीट विचार करून बांधलेला. पण 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करायची ठरवली आणि 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे नियम केले. एका कायद्यात जिचे नाव घालून पात्रता ठरवली, ती पदवी दुसऱ्या निर्णयाने गेली. मग या अभ्यासक्रमापुरती प्रवेशांना 2025-26 पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. ज्या देशात मनोरुग्णांच्या घरच्यांशी बोलणारी प्रशिक्षित माणसे मुळातच कमी, तिथे वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर हा अभ्यासक्रम चालवणे परवडणारे नाही.

2021 च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आणखी एक दार उघडले. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, मनोविकार आणि क्लिनिकल समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे. राज्याराज्यांत परिषदा स्थापून नोंदणी व्हावी, ही त्यातली कल्पना. मात्र राज्यांची चाल इतकी मंद, की 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी निर्देश द्यावे लागले. शिवाय हा कायदा आरोग्यसेवेपुरता आहे. बालगृह, तुरुंग, पोलीस ठाणे, शाळा, वस्ती त्याच्या बाहेरच राहतात.

बालकांच्या बाबतीत तर मोठी विसंगती आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. त्यांच्यासाठी पात्रता काय? मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात सात वर्षांचा सहभाग, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतली पदवी असलेला कार्यरत व्यावसायिक. या यादीत समाजकार्याची पदवीच नाही. बालकल्याण समितीच्या पात्रतेत मात्र ती आहे. एकाच कायद्याच्या दोन कलमांत एकाच शिक्षणाला वेगवेगळे मोल मिळावे, यावरून या व्यवसायाकडे राज्यव्यवस्था किती ओझरते पाहते ते कळते.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो? दत्तक अहवालात निष्काळजीपणा झाला तर ते मूल. समुपदेशनात सांगितलेली गोष्ट सासरच्यांच्या कानावर गेली तर ती बाई. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, वकिलाची सनद निलंबित होऊ शकते. समाजकार्यकर्त्याने गोपनीयता मोडली तर फार तर त्याच्या संस्थेच्या प्रमुखाकडे जाता येते आणि तो माणूस उद्या दुसऱ्या संस्थेत तेच काम करू शकतो. संस्थेने पाठीशी घातले तर विषय तिथेच संपतो.

दुसरी किंमत स्वतः कार्यकर्ती मोजते. बालगृहाच्या व्यवस्थापनाने सांगितले, अहवालातला हा परिच्छेद काढा, तर सहा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या मुलीने कशाच्या बळावर नाही म्हणायचे? वकील म्हणू शकतो, असे केले तर माझी सनद जाईल. नियमनाकडे आपण फक्त शिक्षेचे साधन म्हणून पाहतो, पण सचोटीने वागू पाहणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याची ती ढालही असते. मला परवान्याच्या बाजूचा हा युक्तिवाद सर्वांत सबळ वाटतो.

तरीही महाराष्ट्रात परवान्याचा विषय काढला की एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सावित्रीबाई फुले, महर्षी कर्वे, बाबा आमटे, सिंधुताई सपकाळ यांच्यापैकी कोणाकडे समाजकार्याची पदवी होती? परवाना आला तर गावोगावच्या कार्यकर्त्या, आशा सेविका, चळवळींतली माणसे बाहेर फेकली जाणार नाहीत का? ही भीती खरी आहे. ज्यांच्याकडे पैसा आणि इंग्रजी आहे त्यांच्याच हातात काम जावे म्हणून परवाने वापरले गेल्याचा अनुभव जगभर आहे.

पण याचे उत्तरही महाराष्ट्रातच सापडते. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर बायकांना गावच्या आरोग्याची जबाबदारी दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या बायकांकडे पदवी नव्हती, पण त्यांना कोणीही या आणि इंजेक्शन द्या असे सांगितले नव्हते. नेमके काम ठरलेले होते, प्रशिक्षण होते, नोंदी होत्या आणि त्या नोंदी तपासणारा माणूस होता. पदवीपेक्षा महत्त्वाचे असते ते काम, त्याची तयारी आणि त्यावरची देखरेख, हे गडचिरोलीने सिद्ध केले आहे.

बाहेरच्या देशांचा अनुभवही इथेच बोट ठेवतो. फिलिपिन्सने 1965 सालीच कायदा करून समाजकार्यासाठी परीक्षा आणि नोंदणी सक्तीची केली. इंग्लंडमध्ये 2005 पासून नोंदणीशिवाय कोणी स्वतःला सोशल वर्कर म्हणवू शकत नाही आणि 2019 पासून नोंदणीचे हे काम 'सोशल वर्क इंग्लंड' ही स्वतंत्र संस्था पाहते. मुंबई-पुण्यातून एमएसडब्ल्यू करून तिकडे जाणाऱ्यांनाही आधी तिच्याकडे पात्रता सिद्ध करावी लागते. अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा. क्लिनिकल परवान्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर अनेक राज्यांत सुमारे 3,000 तासांचे देखरेखीखालचे काम आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा. परीक्षा घेणाऱ्या संघटनेने 2022 मध्ये वांशिक गटांनुसार निकाल जाहीर केले. 2018 ते 2021 या काळात क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात गोऱ्या उमेदवारांपैकी सुमारे 84 टक्के उत्तीर्ण झाले होते, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 45 टक्के. ज्या वस्त्यांना आपल्यातल्या कार्यकर्त्याची सर्वाधिक गरज, त्याच वस्त्यांतली मुले गाळली जात होती. इलिनॉय राज्याने तर 2022 पासून प्राथमिक परवान्यासाठीची परीक्षाच काढून टाकली.

हा धडा आपण आधीच गिरवला पाहिजे. उद्या दिल्लीत इंग्रजी-हिंदीतली एक ऑनलाइन परीक्षा ठरली, तर मेळघाटातली कोरकू बोलणारी, मराठीतून शिकलेली मुलगी त्यात मागे पडेल आणि कोरकू बाईशी बोलायला कोणीच उरणार नाही. गुणपत्रिकेपेक्षा विश्वासार्ह कसोटी आपल्या महाविद्यालयांत पहिल्यापासून आहे, ती म्हणजे फील्डवर्क. आठवड्याचे ठरलेले दिवस संस्थेत किंवा वस्तीत, प्रत्येक भेटीचे लेखी रेकॉर्डिंग, पर्यवेक्षकाबरोबरची वैयक्तिक चर्चा (आयसी), शेवटी संस्थेत सलग पूर्ण वेळ काम करण्याची ब्लॉक प्लेसमेंट. जिथे पर्यवेक्षक ते रेकॉर्डिंग खरोखर वाचतो आणि विचारतो, तू त्या आजीला हा प्रश्न का विचारलास, तिथे विद्यार्थी घडतो. जिथे जर्नल शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा लिहिले जाते आणि सही होते, तिथे पदवी पोकळ राहते. परवान्याची पायाभरणी करायची तर ती इथे करावी लागेल.

म्हणून मला वाटते, परवाना माणसाला नको, कामाला हवा. दुचाकी आणि मालट्रक यांसाठी वाहन परवान्याचे वर्ग वेगळे असतात, तसे. वस्तीत बचत गट बांधणे, ग्रामसभेत लोकांना उभे करणे, मोर्चा काढणे यांना कोणाचीही परवानगी लागू नये. ते नागरिकाचे हक्क आहेत. पण मुलाचा ताबा किंवा दत्तक यासंबंधीचा अहवाल, हिंसेतून आलेल्या व्यक्तीचे समुपदेशन, मनोरुग्णाचे पुनर्वसन, अवयवदानाची संमती अशी जी कामे एका सहीने दुसऱ्याचे आयुष्य बदलतात, ती देखरेखीखाली शिकलेल्या आणि नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच करावीत. वर्षानुवर्षे काम केलेल्यांना पदवीशिवायही, त्यांचे काम पाहून, या नोंदणीत येण्याची वाट असावी. मूल्यमापन मराठीतून आणि प्रत्यक्ष कामावरून व्हावे. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण असावे. आणि तक्रार कुठे करायची हे बालगृहाच्या भिंतीवर, मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे.

तोवर विद्यार्थ्यांनी काय करावे? शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांची बाजारपेठ मोठी आहे. प्रत्येक जाहिरातीला तीन प्रश्न विचारावेत. हे प्रमाणपत्र कोणता कायदा किंवा कोणते पद ओळखते? यात माझे प्रत्यक्ष काम कोण पाहणार आणि किती तास? आणि हे घेतल्यावर मी कोणाला उत्तरदायी होणार? पहिल्याचे उत्तर 'कोणताही नाही' असले तरी दुसऱ्याचे चांगले असेल तर अभ्यासक्रम घेण्याजोगा असू शकतो. दोन्ही उत्तरे पोकळ असतील तर ते पैसे वाचवावेत. पुनर्वसन क्षेत्रात जाणाऱ्याने पुनर्वास परिषदेची मान्यता तपासावी. प्रत्यारोपण समन्वयाचे प्रशिक्षण चेन्नईची मोहन फाउंडेशनसारखी संस्था देते. मानसिक आरोग्याकडे वळणाऱ्याने एम.फिल.च्या जागी कोणती पात्रता येते यावर डोळा ठेवावा.

आणि संसदेच्या कायद्याची वाट पाहत राज्याने बसू नये. सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक, विशेष कक्षांतल्या समुपदेशक, बालगृहांतले परिविक्षा अधिकारी यांच्या नेमणुका आणि कराराच्या अटी राज्यच ठरवते. पहिले वर्ष अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, त्या देखरेखीसाठी वेगळी पगारी पदे, लिखित आचारसंहिता आणि स्वतंत्र तक्रार समिती, एवढे महाराष्ट्र शासनाच्या एका निर्णयाने सुरू होऊ शकते. 1936 साली या शिक्षणाची सुरुवात इथे झाली. त्याची जबाबदारी ठरवण्याची सुरुवातही इथूनच झाली पाहिजे.