मधला स्लॅब

आमच्या सोसायटीच्या सभेत पावसाळ्यानंतर एक विषय हमखास निघतो: गळती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे सुटलेले असतात आणि चौथ्या मजल्यावरचे काका शपथेवर सांगतात, की आमचं न्हाणीघर ठणठणीत कोरडं आहे. पोटनियमांत याची वाटणी केलेली आहे. संडास, सिंक असं आतलं काही गळलं तर खर्च सभासदाचा. पावसाचं पाणी झिरपलं किंवा बाहेरचा सामाईक पाइप गळला तर सोसायटीचा. वाटणी चोख आहे. फक्त गळतीचा उगम शोधायला चौथ्या मजल्यावरची फरशी उखडावी लागते, आणि काका दार उघडत नाहीत.

न्यूयॉर्कच्या ट्रान्स-मॅनहॅटन एक्सप्रेसवेबद्दल वाचताना मला हे बंद दार आठवत राहिलं. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाला जोडणारा हा १२ पदरी रस्ता वॉशिंग्टन हाइट्सच्या दाट वस्तीतून खोल खणून काढला. तो १९६२ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास त्याच्या डोक्यावर ३२ मजली चार इमारती उभ्या राहिल्या. रस्ता एकाचा आणि त्याच्या वरची पोकळी दुसऱ्याची. आपल्याकडे एफएसआयची खरेदी-विक्री पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही.

पण पोकळी विकताना मधल्या स्लॅबचं काय? तो खालच्याचं छत आणि वरच्याची जमीन. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. चाकांबरोबर त्याचे तुषार वर उडतात, क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरतं, सळई गंजते, फुगते, आणि काँक्रीटचा ढलपा सुटून धावत्या गाडीवर पडू शकतो. सळई इमारतीची, मीठ रस्त्याचं. शिवाय हा ढलपा सुटण्याआधी हातोडीने ठोकून तपासायचा, तर खालची एक तरी मार्गिका बंद करावी लागणार, आणि ती बंद करण्याचा अधिकार इमारतवाल्याकडे नाही. कागदावर जबाबदारी ज्याची, त्याला परवानगीशिवाय तिथवर पोचताच येत नाही. माझ्या मते खरी अडचण मालकीत नाही, इथे आहे.

काही गोष्टी तर कुठल्याच करारात बसत नाहीत. शेल्डन कोहेन, डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली याच इमारतींतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या मजल्यांवरच्या, म्हणजे जास्त गोंगाटातल्या मुलांना जवळजवळचे उच्चार वेगळे ओळखणं जड जात होतं आणि वाचनातही ती मागे होती. जी मुलं तिथे जास्त वर्षं राहिली होती, त्यांच्यात हा फरक ठळक होता. त्याची डागडुजी कोणी करायची?

ओसाकामध्ये निदान स्पर्श तरी टाळला आहे. १९९२ साली पुऱ्या झालेल्या गेट टॉवर इमारतीच्या पाचव्या ते सातव्या मजल्यांमधून हानशिन द्रुतगती मार्गाचा उतार आरपार जातो, पण तो आपल्याच खांबांवर उभा आहे, इमारतीला टेकत नाही. त्या तीन मजल्यांचा भाडेकरू म्हणून रस्त्याचीच नोंद आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

पूल म्हणजे इमारत नव्हे, हे मान्य. तरी मुंबईकराला अंधेरी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३ जुलै २०१८ च्या सकाळी गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पालिका म्हणाली, देखभालीचे पैसे आम्ही रेल्वेला देतो. रेल्वे म्हणाली, पूल तुमचा. रुळांवरच्या भागाला हात लावायचा तर रेल्वेचा ब्लॉक हवा, म्हणजे पुन्हा काकांचं दार. पुढे पूल पाडून नवा बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, आणि लक्षात आलं की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नाही! शेवटी बर्फीवाला पूलच जॅक लावून उचलावा लागला.

म्हणून पोकळी भाड्याने देताना भाड्याच्या आकड्याशेजारी वर्षातल्या रात्रीही लिहाव्यात: तपासणीसाठी किती रात्री रस्ता बंद राहील, त्या कोण मागेल आणि खर्च कोणत्या ठेवीतून होईल. पहिल्या दिवशी हे लिहिणं सोपं असतं. ४० वर्षांनी दोन्हीकडची माणसं बदललेली असतात.

कधी एक पक्षच उठून जातो. बर्लिनमध्ये श्लांगेनबाडर स्ट्रासेवर १९७६ ते १९८० या काळात महामार्गावर सुमारे ६०० मीटर लांबीची निवासी इमारत बांधली. हादरे घरांत पोचू नयेत म्हणून रस्त्याचा पाया इमारतीपासून वेगळा ठेवला. एप्रिल २०२३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून खालचा बोगदा वाहतुकीला बंद झाला. वरच्या हजाराहून अधिक घरांत लोक अजून राहतात. मार्गिका अडवायची परवानगी आता कुणाकडे मागायला नको, खाली गाडीच नाही.